नकलेचे मोल आणि ठशाची पत

अस्सल वस्तूला मोल असते आणि नकलेला नसते, असे आपण गृहीत धरून चालतो. 'नक्कल' या शब्दालाच आपल्या भाषेत एक प्रकारचा हीन वास चिकटलेला आहे. परंतु बाजाराचा व्यवहार नेहमीच या समजुतीप्रमाणे चालतो असे नाही. अमेरिकेत गेल्या साठ-सत्तर वर्षांत ठासणीच्या शिकारी रायफलींच्या परदेशी बनावटीच्या प्रतिकृतींचा एक मोठा बाजार उभा राहिला. त्यांतील जुन्या प्रतिकृती आज स्वतःच संग्राह्य ठरल्या आहेत. एकाच मूळ नमुन्यावरून घडवलेल्या, वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन रायफलींपैकी एकीला चांगली किंमत येते आणि दुसरीला गिऱ्हाईक मिळत नाही. हा फरक कशाने पडतो, हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांचा नाही. मोल ठरते कसे आणि विश्वास विकला जातो कसा, या अर्थशास्त्रातील मूलभूत प्रश्नाशी तो जाऊन भिडतो. आणि आपल्याकडील कारागिराच्या मजुरीशीही त्याचा संबंध पोहोचतो.

ठासणीची बंदूक आपल्याला अपरिचित नाही. कोकणात रानडुकरांपासून पिकाची राखण करण्यासाठी ती परंपरेने वापरली जाते. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी किंवा छरे ठेवून गजाने ठासायचे आणि मग गारगोटीच्या ठिणगीने किंवा स्फोटक टोपीने बार उडवायचा, ही तिची रीत. रायफल म्हणजे याच जातीचे, परंतु नळीच्या आत पेचदार खाचा असलेले हत्यार. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि नेम दूरवर साधतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून भरायची काडतुसे आली आणि ठासणीची रायफल लष्करातून व शिकारीतून झपाट्याने मागे पडली. तिचे पुनरुज्जीवन झाले ते विसाव्या शतकात, आणि तेही गरजेपोटी नव्हे, तर हौसेपोटी.

हौसेतून उद्योग

अमेरिकेत ठासणीच्या रायफलींच्या शौकिनांची राष्ट्रीय संघटना १९३३ साली स्थापन झाली. इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या लहानशा गावी तिच्या नेमबाजीच्या स्पर्धा भरतात. प्रारंभी हे लोक आजोबा-पणजोबांच्या खऱ्या रायफलीच वापरीत. पण जुन्या वस्तूंचा पुरवठा वाढत नसतो. मागणी वाढली की किंमत वाढते आणि किंमत वाढली की वस्तू वापरातून निघून कपाटात जाते. ही पोकळी भरून काढण्यासाठी १९५० च्या दशकात काही अमेरिकी व्यापाऱ्यांनी युरोपकडे दृष्टी वळवली. कोणी बेल्जियममधील कारागिरांना गाठले. न्यू जर्सीतील व्हॅल फॉर्गेट यांनी दशकाच्या अखेरीस इटलीतील गार्दोने व्हाल त्रोंपिया येथे कोल्टच्या १८५१ च्या 'नेव्ही' रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती तयार करवून घेतली. त्यांच्या व्यापारी पेढीचे 'नेव्ही आर्म्स' हे नाव त्याच रिव्हॉल्व्हरशी निगडित आहे. १९६१ ते १९६५ या काळात अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी साजरी झाली आणि मागणीला उधाण आले.

या हौसेला पुढे कायद्यानेही अप्रत्यक्ष हातभार लावला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या टपालाने मागवलेल्या रायफलीने झाली होती. १९६८ साली रॉबर्ट केनेडी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांनंतर अमेरिकेने बंदुकांच्या विक्रीवर व टपालव्यवहारावर कडक निर्बंध घातले. परंतु १८९८ किंवा त्यापूर्वीची हत्यारे आणि आधुनिक काडतुसे न वापरणाऱ्या त्यांच्या प्रतिकृती यांना त्या संघराज्यीय कायद्याने 'पुराण हत्यार' मानून वगळले. एका दाराला कुलूप घातले की लोक उघड्या दाराने जाऊ लागतात. ठासणीच्या प्रतिकृतीचे दार असे उघडे राहिले.

त्यानंतरच्या काही वर्षांत या शौकाने खऱ्या अर्थाने बाळसे धरले. १९७० मध्ये एका अमेरिकी कारखान्याने 'हॉकेन' या नावाची रायफल बाजारात आणली. १९७२ च्या 'जेरेमाया जॉन्सन' या चित्रपटाने डोंगरदऱ्यांत एकाकी राहणाऱ्या शिकाऱ्याची प्रतिमा घरोघरी पोहोचवली. १९७४ पासून पेनसिल्व्हेनिया राज्याने केवळ गारगोटीच्या बंदुकीने शिकार करण्याचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. इटली आणि स्पेनमधून प्रतिकृतींचा ओघ वाहू लागला, तो या पार्श्वभूमीवर.

ही मागणी इटलीतील एका दरीनेच एवढ्या मोठ्या प्रमाणावर का भागवावी? ब्रेशिया शहराच्या उत्तरेच्या त्या दरीत लोखंडाच्या खाणी होत्या, भट्टीला जंगलाचे लाकूड होते आणि घणांना फिरवणारे नदीचे पाणी होते. व्हेनिसच्या शस्त्रागाराने १५२६ साली गार्दोनेच्या बार्तोलोमेओ बेरेत्ता यांच्याकडून १८५ नळ्या खरेदी केल्याची नोंद आजही उपलब्ध आहे. एक कारखाना नळ्या करतो, दुसरा घोड्याची यंत्रणा, तिसरा अक्रोडाचा दस्ता, चौथा नक्षीकाम. सारे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आणि अनेकदा एकमेकांच्या नात्यातले. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये वर्णन केलेल्या 'औद्योगिक वसाहती'चे हे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. दाव्हिदे पेदेरसोली यांचा कारखाना १९५७ चा, आल्दो उबेर्ती यांचा १९५९ चा. दोघांनीही नव्या कौशल्याचा शोध लावला नाही; चार शतकांच्या कौशल्याला नवे गिऱ्हाईक मिळवून दिले.

पारख कशाची?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अशा प्रतिकृतीची पारख जाणकार कशी करतात?

पहिला प्रश्न असा की, ही नक्कल कोणाची आणि ती किती प्रामाणिक? हॉकेन रायफलीचेच उदाहरण घ्या. सेंट लुईस येथील जेकब आणि सॅम्युअल या हॉकेन बंधूंच्या रायफली पश्चिमेकडील डोंगरांत जाणाऱ्या फासेपारध्यांसाठी घडवलेल्या होत्या. जाड अष्टकोनी नळी, भक्कम अर्धा दस्ता, दुहेरी चाप आणि चमक टाळणारे साधे लोखंडी साज, हे त्यांचे विशेष. जेकब १८४९ च्या पटकीच्या साथीत वारले. सॅम्युअल १८८४ पर्यंत जगले. त्यांच्या नावाने १९७० नंतर विकल्या गेलेल्या कित्येक रायफलींवर मात्र झगझगीत पितळी साज आहेत आणि आधुनिक पद्धतीची फिरवता येणारी माशी आहे. त्या चांगल्या चालतात, नेम साधतात. पण मूळ हॉकेनशी त्यांचे नाते नावापुरतेच. उलट ज्या मोजक्या इटालियन हॉकेन मूळ नमुना समोर ठेवून बनल्या, त्यांना संग्राहक अधिक मान देतात. येथे पैसे मोजले जातात ते कारागिराने घेतलेल्या कष्टांना.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल या कारखान्याची कथा याहून बोलकी आहे. एनफील्डच्या रायफलींच्या आणि व्हिटवर्थच्या सुप्रसिद्ध रायफलीच्या त्याने प्रतिकृती काढल्या. एनफील्डचे मोजमाप जुन्या सरकारी मापांवर बेतलेले होते. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड म्हणजे जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ साली आपल्याकडे असंतोषाचा भडका उडाला, तीच. व्हिटवर्थ रायफल नेमबाजीच्या मैदानावरची. तिची नळी आतून षट्कोनी, व्यास ०.४५१ इंच आणि पेच २० इंचांत एक फेरा. १८६० साली विंबल्डन येथील राष्ट्रीय नेमबाजी मेळाव्याचे उद्घाटन व्हिक्टोरिया राणीने याच जातीच्या रायफलीचा बार उडवून केले होते. पुढे पार्कर-हेलचेच नाव घालून या रायफली इटलीत तयार होऊ लागल्या. नाव तेच, आकृती तीच. तरीही बर्मिंगहॅमच्या ठशाची रायफल संग्राहक अधिक किमतीला घेतात. नाव विकत घेता येते, पण नावामागची साख तशी हस्तांतरित होत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

दुसरी पारख नळीच्या अंतरंगाची. काळी दारू जळल्यावर मागे राहणारी राख हवेतील ओलावा शोषून घेते. बंदूक त्याच दिवशी धुतली नाही तर पोलाद गंजते. बाहेरून आरशासारखी दिसणारी रायफल आतून खड्डे पडलेली असू शकते. म्हणून जाणकार दस्त्याच्या चकाकीकडे पाहण्याआधी नळीत उजेड सोडून पाहतो. पेचही तो मोजतो. गोल गोळीसाठी ६० ते ७० इंचांत एक फेरा असा मंद पेच लागतो, लांबट गोळीला त्याहून जलद. ४८ इंचांचा पेच पुष्कळ प्रतिकृतींत आढळतो. तो दोन्हींना थोडा थोडा चालणारा मधला मार्ग होय.

तिसरी पारख लाकडाची व जुळणीची. मूळच्या पेनसिल्व्हेनियाच्या लांब रायफलीला मेपलचा एकसंध लांब दस्ता असे. काही स्वस्त स्पॅनिश प्रतिकृतींत तो दोन तुकड्यांत असून सांध्यावर पितळी पट्टी ठोकलेली असते. शिवाय अनेक रायफली सुट्या भागांच्या पेटीतून गिऱ्हाइकाने घरी जुळवलेल्या असतात. जुळणारा हात कसबी असेल तर किंमत वाढते, नसेल तर घटते. येथेही शेवटी श्रमाचाच हिशेब आहे.

ठसा बोलतो

परंतु या साऱ्यांहून महत्त्वाची गोष्ट नळीवर, दस्त्याच्या कडेखाली दडलेली असते. ती म्हणजे चाचणीगृहाचा ठसा. इटलीत तयार होणारी प्रत्येक नळी राष्ट्रीय चाचणीगृहात जाते. तेथे नेहमीपेक्षा जास्त दारूचा बार भरून ती उडवली जाते आणि टिकली तरच तिच्यावर ठसा उठतो. काळ्या दारूसाठी 'पी.एन.' ही अक्षरे असतात. सोबत वर्षाची खूण असते: १९४५ पासून १९७४ पर्यंत रोमन अंक, १९७५ पासून 'ए ए'ने सुरू होणाऱ्या अक्षरांच्या जोड्या. ज्याला ही लिपी वाचता येते त्याला रायफलीचे जन्मवर्ष विक्रेत्याला विचारावे लागत नाही. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली होती.

एकाच कारखान्याची रायफल अमेरिकेत चार आयातदारांच्या चार नावांनी चार किमतींना विकली गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. आयातदाराचे नाव जाहिरातीने मोठे होते. ठसा मात्र जाहिरात करीत नाही. तो केवळ साक्ष देतो. म्हणून अनुभवी संग्राहक नळीवरचे मोठे नाव बाजूला ठेवतो आणि कोपऱ्यातली बारीक अक्षरे भिंगातून वाचतो.

हीच अक्षरे लबाडाला नकोशी वाटतात. प्रतिकृतीवरील ठसे कानशीने घासायचे, लोखंड आम्लाने काळवंडवायचे, लाकडाला ओरखडे पाडायचे आणि दीडशे वर्षांपूर्वीची अस्सल म्हणून ती खपवायची, ही फसवणूक या बाजारात चालते. अमेरिकेने १९७३ मध्ये संग्राहकांच्या संरक्षणासाठी एक कायदा केला. त्यानुसार नाण्याच्या प्रतिकृतीवर 'प्रत' असा शब्द कोरणे बंधनकारक झाले. पण तो कायदा नाण्यांपुरता व राजकीय स्मृतिचिन्हांपुरता राहिला; बंदुका त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या.

अशा लबाडीचा परिणाम फसलेल्या एका गिऱ्हाइकापुरता मर्यादित राहत नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हे तत्त्व मांडले आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. विक्रेत्याला वस्तूचे दोष ठाऊक असतात, गिऱ्हाइकाला नसतात. म्हणून गिऱ्हाईक सर्वच वस्तूंना संशयाने कमी भाव देऊ लागते. तो कमी भाव चांगल्या मालाच्या धन्याला परवडत नाही. तो बाजारातून निघून जातो आणि मागे उरतो तो निकृष्ट माल. खोटे नाणे खऱ्याला हुसकावते, हा ग्रेशॅमचा सिद्धांत येथे वेगळ्या रूपाने अवतरतो. या दुष्टचक्राला पाचर मारण्याचे काम ठसा करतो. तपासणीचा खर्च एकदा होतो, त्याचा लाभ वस्तू हातोहात फिरत असेतो प्रत्येक गिऱ्हाइकाला मिळतो.

कोणी म्हणेल की हा सारा सधन देशांतील रिकामटेकड्यांचा खेळ आहे. आक्षेपात तथ्य आहे. गुंतवणूक म्हणून अशा प्रतिकृती घेणाऱ्याला मीही परावृत्तच करीन. कारण ज्या वस्तू हजारोंनी निघाल्या त्यांची टंचाई कृत्रिमच असते. १९८५ मध्ये टोनी नाइट यांनी आधुनिक घडणीची ठासणीची रायफल काढल्यावर शिकाऱ्यांपैकी पुष्कळजण तिकडे वळले आणि जुन्या धर्तीच्या प्रतिकृतींचा वापर ओसरला. त्यांतील निवडक तेवढ्या संग्राह्य झाल्या; बाकीच्या केवळ जुन्या झाल्या. पण खेळ सधनांचा असला तरी त्यावर पोट भरणारे हात सधनांचे नसतात. गार्दोनेतील नळी घासणारा कामगार चांगली मजुरी मागू शकतो, कारण त्याच्या कामावर एक विश्वसनीय संस्था आपली मुद्रा उठवते.

आपला कारागीर

येथे आपला संबंध येतो. अमेरिका व कॅनडात जुन्या लढायांचे देखावे सादर करणारे हजारो हौशी लोक आहेत. त्यांना लागणाऱ्या अठराव्या शतकातील गारगोटीच्या बंदुकांच्या प्रतिकृती भारतातूनही जातात. या साध्या नळीच्या बंदुका इटालियन मालाहून बऱ्याच स्वस्त असतात. पुष्कळदा त्या बत्तीचे छिद्र न पाडताच पाठवल्या जातात. म्हणजे कागदोपत्री ती बंदूक नसून शोभेची वस्तू ठरते. तिकडच्या गिऱ्हाइकाला मान्य होईल असा चाचणीचा ठसा तिच्यावर सहसा नसतो. छिद्र पाडायचे ते आयातदाराने किंवा गिऱ्हाइकाने, आणि ते स्वतःच्या जबाबदारीवर.

आपल्या लोहाराचा हात इटालियन लोहाराच्या हातापेक्षा कमी कसबी आहे, असे मानण्याचे कारण नाही. चांगली नळी येथेही घडते आणि वाईटही घडते. परंतु दोहोंत फरक दाखवणारी खूण नसल्यामुळे दोन्ही एकाच, म्हणजे वाईट मालाच्या भावाने विकल्या जातात. चांगल्या कारागिराच्या कौशल्याचा मोबदला संशय खाऊन टाकतो. किमतीतील तफावत केवळ स्वस्त मजुरीची नाही. तिचा एक भाग आपण न उभारलेल्या संस्थेचा दंड आहे आणि तो दंड भरतो भट्टीपुढे बसलेला माणूस.

याचा अर्थ बंदुकांचा धंदा वाढवावा असा कोणी घेऊ नये. आपले शस्त्रविषयक निर्बंध कडक आहेत आणि ते तसेच असावेत. मुद्दा प्रतिकृतीच्या प्रामाणिकपणाचा आहे आणि तो तलवारी, नाणी, मूर्ती, वस्त्रे या सर्वांना लागू पडतो. आपल्या किल्ल्यांच्या पायथ्याशी शिवकालीन नाण्यांच्या नकला विकल्या जातात. नक्कल म्हणून विकली तर ती शैक्षणिक वस्तू आहे; अस्सल म्हणून विकली तर ती इतिहासाची आणि गिऱ्हाइकाचीही फसवणूक आहे. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, तेव्हा सराफांच्या काही संघटनांनी विरोध केला होता. आज सामान्य गिऱ्हाईक तो ठसा पाहिल्याखेरीज दागिना घेण्यास कचरते. सवय लागायला वेळ लागत नाही. संस्था उभारायला इच्छाशक्ती लागते.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. ऐतिहासिक वस्तूच्या प्रत्येक प्रतिकृतीवर ती प्रतिकृती असल्याची, करणाऱ्याची आणि वर्षाची न पुसली जाणारी खूण असावी. ती खूण खोडणे हा दखलपात्र गुन्हा ठरावा. आणि निर्यात होणाऱ्या धातूच्या कारागिरीसाठी परदेशात मान्यता पावेल अशी स्वतंत्र चाचणीव्यवस्था उभी राहावी. तिचा खर्च लहान कारागिराच्या माथी न मारता तो शासनाने व निर्यातदारांनी वाटून घ्यावा. अन्यथा चाचणीचे शुल्क हेच मोठ्या कारखानदाराच्या हातातील नवे हत्यार होईल.

नक्कल करण्यात लाज नाही. गार्दोनेच्या कारागिरांनी हॉकेनची नक्कल केली, व्हिटवर्थची केली आणि तिच्यावर आपल्या देशाची व वर्षाची खूण ठळकपणे उमटवली. म्हणूनच त्यांच्या नकलेला आज स्वतःचे असे मोल आले आहे. आपला कारागीर त्याच्या मालावर अशी खूण उमटवायला तयार आहे. तिला बाजारात पत मिळवून देण्याचे काम एकट्या कारागिराचे नाही. ते शासनाचे आहे आणि ठसा पाहूनच माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाचे, म्हणजे तुमचे आमचे आहे.